शेजारचा कप : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

वस्त्यांतल्या स्वतंत्र कॉफीच्या दुकानांवर मी आणि सहकारी मिळून अभिप्राय लिहिणार आहोत. आधी कुंपण घालून घेतलं. ‘स्वतंत्र’ दुकान कशाला म्हणायचं यावर आम्हा दोघांत बराच खल झाला. साखळीतली दुकानं बाहेर, इथपर्यंत एकमत. पण एकाच मालकाची दोन दुकानं असतील तर? बिया दुसऱ्याकडून भाजून घेत असेल तर? बिया कोण भाजतं हा निकष लावला तर यादी निम्म्यावर येईल, असं माझं म्हणणं. छोट्या दुकानाला स्वतःचा रोस्टर, म्हणजे बिया भाजायचं यंत्र, परवडतोच असं नाही, आणि तो असला म्हणून कॉफी चांगली होतेच असंही नाही.

शेवटी कसोटी ठरली ती अशी: उद्यापासून बिया बदलायच्या, दूध बदलायचं किंवा दुकान तासभर उशिरा उघडायचं, तर हा निर्णय तिथल्या तिथे होतो का? होत असेल तर दुकान आपलं. त्यासाठी वरून फोन यावा लागत असेल तर नाही.

‘वस्तीतलं’ म्हणजे काय, याची खूण त्याहून सोपी. तासभर बसलं की निदान दोन-तीन गिऱ्हाइकं अशी यायला हवीत, ज्यांना काय हवं हे विचारावं लागत नाही.

यातून छापायचं ते एवढंच: वस्तीवार पुस्तिका, प्रत्येक दुकानाला एक परिच्छेद, सोबत नकाशा.

१२ जानेवारी

तक्ता करायला घेतला. कॉफीच्या व्यवहारात गुण देण्याची रीत आधीपासून आहे, तीच उचलू या, असा सहकारीचा आग्रह. १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण पडले की कॉफी ‘स्पेशॅल्टी’ ठरते. हे नाव १९७४ मध्ये एर्ना क्नुटसन यांनी एका व्यापारी मासिकात वापरलं आणि तेव्हापासून ते रुळलं.

अडचण अशी की ते गुण बियांना असतात, दुकानाला नाही. त्यासाठीची चाखणी, म्हणजे कपिंग, काटेकोर असते: १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, ९३ अंशांच्या आसपासचं पाणी, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडायचा आणि कप निवत जाईल तसं आवाज करत भुरके मारून चाखायचं. दूध नाही, साखर नाही, यंत्र नाही. बनवणाऱ्याचा हात शक्य तितका बाजूला ठेवायचा, हाच या रीतीचा हेतू. आपल्याला नेमका तो हात बघायचाय. मग ते गुण घेऊन करायचं काय?

एक गोष्ट मात्र तिथून घेतली. स्पेशॅल्टी कॉफी असोसिएशनने २०२३ मध्ये मूल्यमापनाची जी नवी पद्धत पुढे आणली, तिच्यात ‘कपात काय आहे’ आणि ‘ते मला कितपत भावलं’ यांचे तक्ते वेगळे काढलेत. आधीच्या २००४ च्या तक्त्यात दोन्ही एकत्र होतं. आमच्या कागदावरही आता मधोमध रेघ आहे: डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. ‘कडवट’ डावीकडे. ‘नको तितकं कडवट’ उजवीकडे. दोघांनी आपापले कागद न बोलता भरायचे आणि बाहेर पडल्यावरच एकमेकांना दाखवायचे.

१७ जानेवारी

काय मागवायचं ते पक्कं केलं. एक एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली छोटी, दाट काळी कॉफी, आणि एक दुधाची छोटी कॉफी. एस्प्रेसोचं यंत्रच नसेल तर त्या दुकानात सगळ्यात जास्त जे खपतं ते. मेन्यूतलं नवलाईचं पेय पहिल्या फेरीत नाही. त्यात सिरप आणि मसाल्यांच्या आड बरंच काही दडतं.

दिवसाला तीनपेक्षा जास्त दुकानं घ्यायची नाहीत. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत हरकत नाही असं सांगितलं जातं, आणि शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. पण खरी अडचण झोपेची नाही, जिभेची आहे. चौथ्या दुकानापर्यंत सगळंच कडू लागायला लागतं आणि शेवटच्या दुकानावर विनाकारण अन्याय होतो.

२१ जानेवारी

जिन्याखालचं दुकान. उघडायच्या आधीच जाऊन बसायची परवानगी मागितली होती, मालकीणबाईंनी दिली. प्रकल्पाचं काम म्हणून सांगून गेलो ते फक्त या एका ठिकाणी, तेही सकाळची जुळवणी जवळून बघायला मिळावी म्हणून. अभिप्रायासाठी पुन्हा न सांगता जाऊ.

ग्राइंडर सुरू केल्या केल्या पडलेली पहिली भुकटी त्यांनी सरळ टाकून दिली. कालची, पात्यांत आणि नळीत अडकून राहिलेली. मग जाळीच्या वाटीत १८ ग्रॅम, काट्यावर मोजून. बारीक सुयांच्या झाऱ्याने भुकटी ढवळून गाठी मोडल्या, बोटाने कडा सारखी केली, वरून दाब दिला. वाटी यंत्राला लावण्याआधी दोन सेकंद नुसतं गरम पाणी सोडून वरची जाळी धुतली. हे शेवटचं काम किती दुकानांत होतं ते आता मुद्दाम बघणार.

पहिला कप १९ सेकंदांत भरला. धार लगेच फिकट, पिवळट. चमचाभर चाखून बाकीचा मोरीत. दळण एक खूण बारीक केलं. आता धार येईचना. थेंब, थेंब, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक धार, ३५ सेकंद. तोही मोरीत. अर्धी खूण मागे. २८ सेकंद, ३७ ग्रॅम. चाखला, मान डोलावली, वही काढून आकडे लिहिले आणि मग दाराची पाटी उलटवली.

कालच हे सगळं जुळलं होतं तर आज पुन्हा का? हवेतला दमटपणा बदलतो, हे एक कारण. दुसरं मोठं कारण बियांचं वय. भाजताना बियांत साठलेला कार्बन डायऑक्साइड पुढचे कित्येक दिवस बाहेर पडत राहतो, म्हणून तर पिशवीला एका बाजूनेच उघडणारी झडप असते. बिया जुन्या होत जातात तशी पाण्याला होणारी आडकाठी कमी होते, त्याच दळणातून पाणी भरभर निघतं आणि दळण आणखी बारीक करावं लागतं. शिवाय गर्दीच्या वेळी ग्राइंडर तापला की गणित पुन्हा बदलतं. ‘आता साडेदहापर्यंत निभेल, मग परत बघायचं,’ बाई म्हणाल्या.

९ बार दाब, ९० ते ९६ अंशांचं पाणी, २५ ते ३० सेकंद: पुस्तकात एवढंच असतं. बाकीचं सगळं मोरीत गेलेल्या त्या दोन कपांत. तक्त्यात ओळ वाढवली: दुकान फसलेला कप टाकून देतं की गिऱ्हाइकाच्या हातात देतं? छोट्या दुकानाला टाकलेला प्रत्येक कप खिशातून जातो, म्हणून ही ओळ मला चवीच्या ओळीइतकीच मोलाची वाटते.

२५ जानेवारी

दांड्याचं यंत्र असलेलं दुकान. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग दबते, सोडला की तीच स्प्रिंग पाणी ढकलते. इटलीतल्या बेझेराच्या १९०१ च्या पेटंटपासूनची एस्प्रेसोची यंत्रं वाफेच्या दाबावर चालायची. तो दाब फार कमी. आकिल्ले गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने १९४८ मध्ये दाब कित्येक पटींनी वाढवला आणि कपावर सोनेरी फेस आला. १९६१ च्या फाएमा ई६१ या यंत्रात विजेचा पंप आला, तेव्हापासून दंडाला जरा विश्रांती.

फेसाबद्दल एक ठरवून टाकलं: जाड फेस दिसला म्हणून शाबासकी नाही. फेस म्हणजे दाबाखाली विरघळलेला वायू आणि त्याला धरून ठेवणारी तेलं वगैरे. रोबस्टा जातीची कॉफी जास्त असली की तो उलट जास्तच येतो, आणि नुकत्याच भाजलेल्या बियांचा तर उतू जातो. नुसता फेस चाखून बघा एकदा. कडू असतो.

३० जानेवारी

आजचा दिवस पाण्यात गेला, आणि तो चांगलाच गेला म्हणायचा.

दोन दुकानं, दोन वेगळ्या वस्त्यांत, पण दोघांकडे एकाच रोस्टरची, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याची, तीच पिशवी. भाजल्याची तारीखही तीच. एका ठिकाणी गाळलेली काळी कॉफी स्वच्छ, फळासारखी आंबूस, घोट गिळल्यावरही तोंडात रेंगाळणारी. दुसऱ्या ठिकाणी तीच कॉफी भुईसपाट. कडू नाही, जळकी नाही, आंबट नाही. काहीच नाही. सहकारीच्या कागदावर डाव्या रकान्यात एकच शब्द होता: ‘पुठ्ठा’.

दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखंच, दळणही उन्नीस-बीस. मग विचारलं पाण्याचं. पहिला आरओचं पाणी आणि नुसतं गाळलेलं पाणी मिसळून वापरतो, महिन्यातून एकदा पट्टी बुडवून तपासतो. दुसरा निव्वळ आरओ वापरतो, कारण यंत्र विकणाऱ्याने सांगितलं की बॉयलरमध्ये क्षार धरणार नाहीत. ते खरंच आहे. पण क्षार पार काढले की कॉफीतली चव ओढून घ्यायला पाण्यात काही उरत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा त्यात वाटा असतो. उलट बायकार्बोनेट जास्त झालं तर ते कॉफीतली आम्लं मारून टाकतं आणि तरीही कप सपाटच होतो. म्हणजे दोन्ही टोकांना तोच पुठ्ठा. असोसिएशनच्या जुन्या मानकात लिटरमागे १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार हे लक्ष्य होतं, ७५ ते २५० पर्यंत चालेल अशी मुभा.

गाळलेल्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, हे वाचलेलं होतंच. जिभेला आज कळलं.

आता प्रश्न न्यायाचा. नळाला येणारं पाणी मालकाच्या हातात नाही, पण त्याचं पुढे काय करायचं ते आहे. म्हणून अभिप्रायात ‘पाणी वाईट’ असं लिहायचं नाही. दुकान पाण्याची दखल घेतं का, एवढंच. आणि यापुढे प्रत्येक ठिकाणी कॉफीआधी ग्लासभर साधं पाणी मागून प्यायचं. ते बहुधा कॉफीच्याच नळाचं असतं, आणि बरंचसं आधीच सांगून जातं.

५ फेब्रुवारी

दूध. थोडक्यात.

५५ ते ६५ अंशांच्या मध्ये दूध सगळ्यात गोड लागतं. ७० च्या पुढे गेलं की प्रथिनं मोडतात, उकळलेल्या दुधाचा वास येतो, फेस कोरडा आणि फुगेदार होतो. हे कानांनीही कळतं: सुरुवातीला वाफेची नळी पृष्ठभागाजवळ असते तेव्हा कागद फाटल्यासारखा बारीक आवाज, मग नळी खाली गेली की जवळपास शांतता. शेवटपर्यंत किंचाळत राहिलं तर त्या भांड्यात साबणाचा फेस तयार होतोय असं समजावं.

पण ‘जरा कडक गरम द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक हे वस्तीतलं वास्तव आहे. एका दुकानात बरिस्ता, म्हणजे यंत्रामागचा कॉफी बनवणारा, अशांसाठी कप आधी उकळत्या पाण्याने तापवतो. दूध तेवढंच, पण ओठाला चटका बसतो आणि गिऱ्हाईक खूश. या युक्तीला उजव्या रकान्यात माझ्याकडून पूर्ण दाद.

वाफेची नळी वापरानंतर लगेच पुसली जाते का, याला तक्त्यात वेगळी ओळ. वाळलेल्या दुधाची साय नळीवर दिसली तर चवीचं पान उलटायचंच नाही. कपावर काढलेल्या पानाफुलांना गुण नाहीत. ती आली म्हणजे फेस बारीक आहे एवढं समजतं, पुढचं काही नाही.

११ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही ओळखले गेलो. मालक साठीच्या पुढचे. वही बघूनच हसले.

‘अहो ताई, बिल कसलं मागताय? लिहिणारी माणसं तुम्ही.’

‘काका, बिल घ्या. नाहीतर आम्हाला दुकानाबद्दल एक ओळही लिहिता येणार नाही.’

‘मग नका लिहू! कॉफी प्या की.’

बराच वेळ असं चाललं. शेवटी त्यांनी पैसे घेतले, आणि लगेच दुसरा कप ओतून समोर ठेवला. ‘हा माझ्याकडून. हा चाखायचा नाही, प्यायचा.’

सहकारीचं मत: दुसरा कप नाकारायला हवा होता. माझं मत: पहिल्या कपाचं बिल दिलं, नोंद पहिल्या कपाची आहे, आणि मनापासून पुढे केलेला कप ढकलणं हा उद्धटपणा झाला. नियम मात्र तिच्या बाजूने लिहिला. ओळखले गेलो तर ती भेट गणली जाणार नाही. आमच्यापैकी एक जण नंतर केव्हातरी एकटा जाईल, आणि तोही ओळखला गेला तर अभिप्रायात तसं छापू. शेजारच्या दुकानाबद्दल लिहिणाऱ्याला कायमचं अनोळखी राहता येत नाहीच. ते लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं.

१६ फेब्रुवारी

बसायची जागा, आवाज, खुर्च्या. हा रकाना मी आधी किरकोळ समजून तळाला टाकला होता. सहकारीने तो वर ओढला, आणि तिची कारणं पटण्यासारखी आहेत.

काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, उघडं छत: फोटोत देखणं, कानाला ताप. कठीण पृष्ठभागांवरून आवाज परतत राहतो, मग माणसं आवाज चढवून बोलतात, म्हणून शेजारचं टेबल आणखी चढवून बोलतं. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये हेच नोंदवलं होतं: गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो. गाद्या, पडदे, पुस्तकांनी भरलेली एखादी भिंत असली तरी फरक पडतो. आणि ग्राइंडर गिऱ्हाइकाच्या डोक्याशी न ठेवता मागे ठेवला तर आणखी.

गप्पांची अडचण झाली तर वस्तीतल्या दुकानात उरतं काय? घर आणि कामाचं ठिकाण यांच्या पलीकडच्या ‘तिसऱ्या जागे’बद्दल रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये लिहिलं, तेव्हा तिथलं मुख्य काम म्हणून त्यांनी धरलं होतं ते संभाषण. कॉफीखान्यांतल्या गप्पांना राजेही घाबरत. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीखाने बंद करण्याचं फर्मान काढलं आणि ओरड झाल्यावर जानेवारीत, अंमल सुरू व्हायच्या आधीच, गुंडाळलं. एडवर्ड लॉइडच्या कॉफीखान्यात जहाजांच्या बातम्या सांगायला जमणाऱ्या मंडळींतून तर पुढे विम्याचा बाजार उभा राहिला.

आज दुपारच्या दुकानात मात्र दहापैकी नऊ टेबलांवर लॅपटॉप आणि कानात बोंडं. तिसऱ्या जागेची परत दुसरी करून टाकली म्हणायची. माझी त्यांच्यावर तक्रार नाही. भाड्याची खोली लहान असते, घरी चार माणसं असतात, कामाला कुठेतरी बसायलाच हवं. पण अभिप्रायात हे यायला हवं, कारण मित्राला भेटायला कुठे जावं हे शोधणाऱ्या वाचकासाठी ते दुकान निरुपयोगी आहे, मग कॉफी कितीही बरी असो. एका मालकाने मधला मार्ग काढलाय: खिडकीकडची लांब फळी कामवाल्यांसाठी, आतली टेबलं बोलणाऱ्यांसाठी, आणि प्लगचे सॉकेट फक्त फळीपाशी. पाटी कुठेच नाही, सॉकेटच सगळं सांगतात.

२३ फेब्रुवारी

दुसऱ्या भेटी सुरू. या प्रकल्पात काही राम असेल तर तो इथे आहे.

आधी सकाळी बघितलेल्या दुकानांना आता दुपारी किंवा संध्याकाळी जायचं. जिन्याखालचं दुकान दुपारी चारला: मालकीणबाई नाहीत, नवा मुलगा एकटा. ग्राइंडरची खूण सकाळचीच. एस्प्रेसोला ४१ सेकंद लागले, धार कुठे जाड कुठे बारीक, कपात काळा काढा. त्याने चाखला नाही, दिला. बिया त्याच, यंत्र तेच, पाणी तेच. याउलट, सकाळच्या गर्दीत ज्या दुकानाने आमच्यापुढे कोमट कप आपटला होता तिथे संध्याकाळी सातला तोच बरिस्ता निवांत होता आणि त्याने दिलेली गाळलेली कॉफी आतापर्यंतच्या सगळ्या कपांत वरची.

इथे तारे द्यायचे तर कसे? सकाळी चार, दुपारी दोन, सरासरी तीन. पण तीन ताऱ्यांचा कप त्या दुकानात कोणालाच मिळालेला नाही. सकाळच्याला चारचा मिळाला, दुपारच्याला दोनचा.

साखळीची दुकानं विकतात तो सारखेपणा: कुठल्याही वेळी, कुठल्याही शाखेत तोच कप. त्यासाठी बटण दाबलं की मोजून पाणी सोडणारी यंत्रं, एकसारख्या गडद भाजलेल्या बिया, छापील कृती. एकट्या माणसाच्या दुकानात ते नसतं आणि नसावंही. तिथे कप हा त्या वेळी त्या यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाचा असतो. मग वाचकाला सांगायचं ते हेच: केव्हा जा, काय मागा, कोणाबरोबर जा. गुणांचा रकाना आज तक्त्यातून काढून टाकला. त्याच्या जागी ‘वेळ’.

सहकारीची एक शंका उरतेच, आणि ती रास्त आहे: तारे नसतील तर वाचक पान उघडेल का? कमी उघडतील बहुतेक. उघडतील ते त्या दुकानात जातील, एवढं मला पुरे.

२ मार्च

लेखन सुरू. नमुन्यादाखल जिन्याखालच्या दुकानाचा परिच्छेद, जसा छापायला जाईल तसा:

‘जिन्याच्या चौथ्या पायरीखाली दार. उंच माणसांनी वाकून शिरावं. आत पाच खुर्च्या, त्यातली एक रोजच्या गिऱ्हाइकाची. तो आला की उठावं लागेल, तो आभार मानतो. सकाळी उघडल्यापासून अकरापर्यंत जा आणि एस्प्रेसो मागा: दाट, काकवीसारखा गोड, शेवटी किंचित आंबूस. दुपारी जायचंच झालं तर दुधाची कॉफी घ्या. फेस तेव्हाही बारीक होता. बियांच्या पिशवीवर भाजल्याची तारीख असते आणि ती बघायला मागितली तर कोणी वाईट वाटून घेत नाही. लॅपटॉपसाठी जागा नाही. दोन भेटी, जानेवारी आणि फेब्रुवारी. पहिल्या भेटीत मालकीणबाईंना आमचं काम माहीत होतं.’

दुपारच्या बिघडलेल्या एस्प्रेसोबद्दल थेट लिहावं का, यावर चर्चा. मी ‘दुपारी दुधाची घ्या’ एवढ्यावर थांबलो. समजणारा समजेल, आणि नवा मुलगा महिन्याभरात शिकेलही.

९ मार्च

ज्या दुकानांत दोन्ही वेळा कॉफी वाईट मिळाली त्यांचं काय? वाद पेटला. सहकारी म्हणते, छापा. वाचकाचे पैसे जातात, त्याच्याशी आपण बांधील आहोत. मी म्हणतो, साखळीला वाईट अभिप्राय मिळाला तर एका शाखेला फार तर आठवडाभर टोचतो. इथे एका परिच्छेदाने एका घराची चूल विझू शकते, आणि आपण बघितलेले कप असून असून किती? तिचं उत्तर: मग चांगलं म्हणायला तरी तेवढे कप कसे पुरतात?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोड अशी झाली. वाईट ठरलेल्या दुकानात आम्हा दोघांपैकी एक जण तिसऱ्यांदा, वेगळ्या वारी जाईल. तरीही तेच असेल तर परिच्छेद नाही, पण पुस्तिकेच्या शेवटी ‘जाऊन आलो’ अशी सगळ्या दुकानांची यादी येईल. यादीत नाव आहे आणि परिच्छेद नाही, याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. अस्वच्छता हा एकच अपवाद: ती दिसली तर मालकाला तिथेच सांगायचं आणि पुढच्या भेटीत सुधारलेली नसेल तर छापायचं.

मला ही तडजोड अजून जरा गुळमुळीत वाटते. तिलाही वाटते, उलट्या कारणाने.

१५ मार्च

पानं मांडून झाली. प्रत्येक परिच्छेदाखाली भेटीचे महिने आणि ‘सहा महिन्यांनंतर यावर विसंबू नका’ ही ओळ. बरिस्ता सोडून जातो, रोस्टर बदलतो, मालक आजारी पडतो. छोट्या दुकानाचा अभिप्राय दुधासारखा नासतो.

फोटो फक्त दारांचे. आतले काढले की गिऱ्हाइकांचे चेहरे येतात, आणि तिथे बसणाऱ्यांनी आपल्याला तशी परवानगी दिलेली नाही.

पुढच्या फेरीच्या तक्त्यात एक ओळ वाढवली: ग्राइंडरची पाती शेवटची केव्हा बदलली? विचारलं तर बहुतेक मालक आनंदाने सांगतात, काही जण विषय बदलतात. बदलला तरी कपात कळतंच. बोथट पाती बिया कापण्याऐवजी चिरडतात, एकाच दळणात पीठ आणि कणी दोन्ही येतात. पिठातून नको तितकं उतरतं, कणीतून पुरेसं उतरत नाही, आणि एकाच घोटात आंबट आणि कडू लागतं. यादीतल्या निदान दोन दुकानांच्या कपांचं कोडं यानेच सुटेल असा माझा कयास आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथूनच सुरुवात.